फवारणीआधीचा रिपोर्ट कुठे आहे?

फवारणी करताना औषध लागलेला माणूस दवाखान्यात आला, की डॉक्टरांच्या चिठ्ठीवर एक तपासणी बहुतेक वेळा असते: कोलिनेस्टरेज या एन्झाइमची. रिपोर्ट हातात पडतो तेव्हा त्यावर एक आकडा असतो, समजा ६,१००. शेजारी छापलेलं असतं: नॉर्मल ५,३०० ते १२,९००. आकडा त्या हद्दीत बसतो. मग सोबत आलेला भाऊ विचारतो, 'रिपोर्ट नारमल हाये तं मंग याले गरगरून काहून राह्यलं?'

प्रश्न एकदम बरोबर आहे आणि त्याचं उत्तर त्या कागदावर सापडणार नाही. ते सापडेल फवारणी सुरू होण्याआधी काढलेल्या रिपोर्टमध्ये, जो आपल्या भागात जवळजवळ कुणाकडेच नसतो. असं का, हे कळायला आधी हे एन्झाइम शरीरात काय काम करतं ते पाहावं लागेल.

मेंदूकडून निघालेला हुकूम नसेमार्फत स्नायूपर्यंत येतो. नसेचं टोक आणि स्नायू यांच्यामध्ये अगदी बारीक फट असते. त्या फटीत ॲसिटिलकोलीन नावाचं रसायन सुटतं, पलीकडे जाऊन चिकटतं आणि स्नायू आखडतो. लाळ, घाम, डोळ्यांची बाहुली, आतड्याची हालचाल, हृदयाचे ठोके, श्वासनळीतला स्राव यांच्यावरही याच रसायनाचा अंमल चालतो. विहिरीवरच्या मोटारीच्या स्टार्टरला हिरवं आणि लाल अशी दोन बटणं असतात. ॲसिटिलकोलीन हे हिरवं बटण समजा. लाल बटण म्हणजे ॲसिटिलकोलिनेस्टरेज हे एन्झाइम. काम झालं की ते ॲसिटिलकोलीनचे लगेच तुकडे करतं आणि सगळं शांत होतं.

मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस, क्लोरपायरिफॉस, क्विनॉलफॉस, डायमेथोएट, ॲसिफेट ही सगळी ऑर्गॅनोफॉस्फरस गटातली औषधं. ती नेमकी त्या लाल बटणावर जाऊन बसतात. अळीच्या शरीरात तेच घडतं आणि पाठीवर पंप घेतलेल्या माणसाच्या शरीरातही तेच, कारण ही व्यवस्था दोघांत सारखीच आहे. ॲसिटिलकोलीन फटीत साचत जातं. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, दिसायला अंधुक लागतं, तोंडाला पाणी सुटतं, घाम थांबत नाही, उलटी-जुलाब होतात, अंगातले स्नायू फडफडतात आणि मग गळून जातात. छातीत पाणी भरल्यासारखा स्राव साचला आणि श्वासाचे स्नायू थकले, की जीव धोक्यात येतो. १९३६ साली जर्मनीत गेरहार्ड श्राडर हा रसायनशास्त्रज्ञ किडींवरचं औषध शोधत होता. त्या शोधात त्याच्या हाती टॅबून लागलं, जे पुढे युद्धात वापरण्यासाठी विषारी वायू म्हणून बनवलं गेलं. आपण कृषी केंद्रातून आणतो ती औषधं त्या मानाने बरीच सौम्य, पण खानदान एकच.

आता रक्ताकडे येऊ. जे एन्झाइम खरं वाचवायचं ते नसांच्या टोकाशी आणि मेंदूत असतं. तिथला नमुना कुणी काढू शकत नाही. म्हणून त्याच्या रक्तातल्या दोन नातेवाइकांना विचारावं लागतं. पहिलं तांबड्या पेशींच्या आवरणावर असतं. ते नसांमधल्या एन्झाइमचं सख्खं भावंड, म्हणून त्याची साक्ष जास्त भरवशाची. दुसरं यकृतात तयार होतं आणि रक्ताच्या पाण्यात, म्हणजे सीरममध्ये फिरतं. त्याला ब्युटिरिलकोलिनेस्टरेज म्हणतात. तालुक्याच्या लॅबमध्ये नुसतं 'सीरम कोलिनेस्टरेज' लिहून जो रिपोर्ट मिळतो, तो या दुसऱ्याचा. मोजायला सोपं, साधं बायोकेमिस्ट्री मशीन पुरतं आणि किटही सहज मिळतं, म्हणून सगळीकडे तेच चालतं.

मोजणी कशी होते? एन्झाइमचं वजन करता येत नाही, त्याचं काम मोजावं लागतं. १९६१ साली जॉर्ज एलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सांगितलेली पद्धत आजही मुळात तशीच वापरली जाते. एन्झाइमला तोडायला एक खोटं खाद्य द्यायचं, ज्याचा तुकडा पडला की गंधक असलेलं थायोकोलीन सुटतं. नळीत आधीच टाकलेल्या दुसऱ्या रसायनाशी ते भिडलं की पिवळा रंग येतो. मशीन दर मिनिटाला पाहतं की पिवळेपणा किती वाढला. झपाट्याने वाढला तर एन्झाइम ताकदीत आहे, रेंगाळत वाढला तर ते कुणीतरी अडवून ठेवलंय. काही किटमध्ये याच्या उलट असतं: आधीच पिवळं असलेलं पाणी फिकं होत जातं आणि ते किती वेगाने फिकं झालं ते मोजतात. मशीनवर आकडा येतो तो एका लिटरमध्ये किती युनिट काम झालं याचा.

यातच एक मेख आहे. खाद्य कोणतं दिलं आणि मशीनचं तापमान किती ठेवलं, यावर आकडा बदलतो. त्यामुळे यवतमाळच्या एका लॅबचा आकडा आणि नागपूरच्या दुसऱ्या लॅबचा आकडा शेजारी ठेवून 'वाढला' किंवा 'कमी झाला' म्हणण्यात काही अर्थ नसतो. एकाने ६,१०० लिहिलं आणि दुसऱ्याने ६.१ लिहिलं तर ते फक्त एककाचं अंतर असू शकतं. तेवढ्यावरून घाबरून गेलेली माणसंही मी पाहिली आहेत. तुलना करायची तर तीच लॅब, तीच पद्धत.

नमुना घेण्यात बारकावे बरेच आहेत आणि गडबड होते ती बहुतेक इथेच. औषध लागलेल्या माणसाच्या हातावर औषध असतंच. तसंच बोट टोचून थेंब घेतला तर त्या थेंबात कातडीवरचं औषध उतरतं आणि नळीतल्या एन्झाइमलाच धरतं. आकडा खोटा खाली येतो. म्हणून आधी हात साबणाने धुवायचा, मग स्पिरिट, आणि शक्यतो शिरेतूनच रक्त घ्यायचं. साखरेच्या तपासणीसाठी करड्या झाकणाची नळी असते. तिच्यातलं फ्लोराइड या एन्झाइमलाही अडवतं, त्यामुळे 'उरलेलं रक्त त्यातलंच घ्या' हे इथे चालत नाही. तांबड्या पेशींचं एन्झाइम मोजायचं असेल तर रक्त न गोठणाऱ्या, जांभळ्या किंवा हिरव्या झाकणाच्या नळीत घेऊन थंड ठेवावं लागतं. रक्त काढताना पेशी फुटल्या तर सीरम लालसर होतं आणि त्या लालीमुळे पिवळ्याची मोजणी बिघडते.

वेळेचंही आहे. पाम नावाचं इंजेक्शन अडकलेल्या एन्झाइमला मोकळं करण्यासाठी देतात, म्हणून रक्त ते देण्याआधी काढलेलं बरं. ॲट्रोपिनने मात्र या आकड्यात फरक पडत नाही. ते लाळ आणि छातीतला स्राव आटवतं, एन्झाइमला हातही लावत नाही. कार्बामेट गटातल्या औषधांची, म्हणजे मेथोमिल किंवा थायोडीकार्बसारख्यांची, तऱ्हा वेगळीच. ती एन्झाइमला धरतात, पण काही तासांत आपणहून सोडतात. शरीरात तर सोडतातच, नळीतही सोडतात. सकाळी काढलेलं रक्त बसच्या डिक्कीत उन्हात तापत संध्याकाळी जिल्ह्याला पोचलं, तर वाटेतच एन्झाइम सुटून मोकळं झालेलं असतं आणि रिपोर्ट नॉर्मल येतो. माणसाला त्रास झाला होता, यात खोटं काहीच नसतं.

म्हणून एक गोष्ट स्पष्ट सांगतो. बारीक बाहुल्या, लाळ, घाम, घरघर अशी लक्षणं समोर असतील तर डॉक्टर रिपोर्टची वाट पाहत बसत नाहीत आणि बसूही नये. ॲट्रोपिन लक्षणं पाहून सुरू होतं, लक्षणं पाहूनच वाढवलं जातं. कुठे 'रिपोर्ट आल्याबिगर कशी काय सलाईन लावली?' असा वाद नातेवाईक घालतात, तो घालू नका. उलटही ध्यानात असू द्या: दुसऱ्या दिवशी माणूस उठून बसला, चहा प्यायला, म्हणून घरी नेण्याची घाई करू नका. या गटातल्या विषबाधेत साधारण एक ते चार दिवसांच्या दरम्यान मानेचे आणि श्वासाचे स्नायू अचानक ढिले पडू शकतात. उशीवरून डोकं उचलता येतं का, हे डॉक्टर पुन्हा पुन्हा पाहतात ते यासाठीच.

आता त्या ६,१०० वर येऊ.

सीरम कोलिनेस्टरेजची नॉर्मल हद्द एवढी रुंद का आहे? कारण माणसामाणसांत फरकच तेवढा असतो. कुणाचं जन्मापासून ६,००० च्या आसपास, कुणाचं ११,००० च्या. दोघंही ठणठणीत. पण एकाच निरोगी माणसाचा स्वतःचा आकडा महिन्यामहिन्याने फार हलत नाही. ज्याचा मूळ आकडा ६,५०० होता त्याचा ६,१०० आला तर काहीही झालेलं नाही. ज्याचा ११,००० होता त्याचा ६,१०० आला तर त्याचं जवळजवळ ४५ टक्के एन्झाइम गेलेलं आहे. कागद मात्र दोघांच्या हातात सारखाच, दोघांवर नॉर्मलच छापलेलं. मूळ आकडा ठाऊक नसेल तर हा रिपोर्ट फक्त जबर विषबाधा पकडतो, जिथे आकडा हजाराच्या खाली गेलेला असतो आणि रोगी पाहूनच निदान झालेलं असतं. पोळ्याच्या आगेमागे आठ-दहा दिवस रोज पंप उचलणारा मजूर, ज्याचं थोडं थोडं एन्झाइम रोज जातंय, तो या जाळ्यातून निसटतो. त्याचं डोकं दुखतं, मळमळतं, संध्याकाळी जेवण जात नाही, आणि सगळे म्हणतात ऊन लागलं.

अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात १९७४ पासून यावर नियम आहे. हंगामाआधी, औषधाशी संबंध नसलेल्या काळात, मजुराचं रक्त तपासून त्याचा स्वतःचा मूळ आकडा नोंदवतात. हंगामात पुन्हा तपासतात. मूळ आकड्याच्या ८० टक्क्यांखाली गेला तर मालकाने काम कसं चालतं ते तपासायचं. तांबड्या पेशींचं एन्झाइम ७० टक्क्यांवर किंवा सीरमचं ६० टक्क्यांवर उतरलं तर त्या माणसाला फवारणीवरून काढून दुसरं काम द्यायचं. दोन्ही ८० टक्क्यांवर परत आले की मग परवानगी. छापील नॉर्मल हद्दीला यात जागाच नाही.

आपल्याकडेही कायदा कोरा नाही. १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली १९७१ साली जे नियम झाले, त्यांत फवारणीचं काम करणाऱ्यांची वैद्यकीय तपासणी आणि या गटातली औषधं हाताळणाऱ्यांच्या कोलिनेस्टरेजची नियमित मोजणी लिहून ठेवलेली आहे. पण पाच एकर कोरडवाहू वावराचा कास्तकार स्वतःच मालक, स्वतःच मजूर. शेजारच्याकडे रोजाने फवारायला जाणाऱ्याला नोंदवणार कोण? २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो भरती झाले. त्या वर्षी पऱ्हाटी माणसाच्या डोक्यापर्यंत गेली होती आणि फवारा पायाकडे न जाता तोंडावर येत होता. त्यानंतर हातमोजे आणि मास्क बरेच वाटले गेले. ऑगस्टच्या दमट उकाड्यात ते घालून चार तास पंप चालवून पाहावा, मग ते घरी खुंटीला का लटकतात ते कळतं. पण हंगामाआधी रक्त तपासा, ही गोष्ट माझ्या मते त्याहून स्वस्त आणि जास्त कामाची असूनही मागेच राहिली.

हे अवघड नाही. गुढीपाडव्याला सालदाराचं नवं साल सुरू होतं. पाडव्यापासून मृगापर्यंत कपाशीच्या वावरात फवारणी नसते. याच दिवसांत, आधी महिनाभर औषधाला हात लागलेला नसताना, एकदा रक्त द्यायचं; जमलं तर आठ-दहा दिवसांनी पुन्हा एकदा, म्हणजे दोन्हींची सरासरी मूळ आकडा धरता येते. ज्याच्याकडे संत्र्याची बाग किंवा उन्हाळी भाजीपाला आहे त्याने आपली औषधमुक्त खिडकी वेगळी शोधावी. आणि हे फक्त पंपवाल्याचं काम समजू नका. धुऱ्यावर ड्रममध्ये औषध कालवणारा, डोक्यावरून पाणी आणून देणाऱ्या बाया, रात्री ते कपडे धुणारी घरधनीण यांच्याही अंगावर ते येतंच. कातडीतून शिरायला त्याला जखम लागत नाही.

आकडा खाली असला म्हणजे दरवेळी औषधच लागलं असंही नाही. सीरमचं एन्झाइम यकृत बनवतं. दारूने यकृत खराब झालेल्याचा, कावीळ झालेल्याचा, उपासमारीत खंगलेल्याचा आकडा फवारणी न करताही कमी असतो. गरोदरपणात तो थोडा उतरतो. काही घराण्यांत जन्मतःच कमी असतो. रोज काही जाणवत नाही, पण ऑपरेशनच्या वेळी भुलीत वापरतात ते एक औषध अशा माणसाच्या अंगात फार वेळ टिकून राहतं. असा रिपोर्ट निघाला तर जपून ठेवावा आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांना आवर्जून दाखवावा. तांबड्या पेशींच्या एन्झाइमवर रक्त कमी असण्याचा परिणाम होतो, म्हणून चांगली लॅब तो आकडा हिमोग्लोबिनच्या हिशेबात देते. आपल्याकडे, विशेषतः पूर्व विदर्भात, सिकलसेल पुष्कळ. सिकलसेलमध्ये पेशी लवकर मरतात आणि नव्या पेशी भराभर येतात. नव्या पेशींवर हे एन्झाइम जास्त असतं. अशा माणसाला इतरांची हद्द लावणं चूकच, त्याला त्याचाच जुना आकडा हवा.

आणि सर्वांत फसवा रिपोर्ट म्हणजे खरोखरचा नॉर्मल. पऱ्हाटीवर आज मावा-तुडतुड्यांसाठी इमिडाक्लोप्रिड, ॲसिटामिप्रिड, थायामेथॉक्झाम मारतात, पांढऱ्या माशीसाठी डायफेन्थियुरॉन, अळीसाठी सायपरमेथ्रिन किंवा लॅम्ब्डा-सायहॅलोथ्रिन. यांपैकी एकही या एन्झाइमला धरत नाही. यांच्यामुळे माणूस अत्यवस्थ झाला तरी कोलिनेस्टरेज जागच्या जागी असू शकतं. पॅराक्वाट हे तणनाशक पोटात गेलं तर पहिल्या दिवशी हा रिपोर्ट चांगला येईल आणि पुढच्या दिवसांत मूत्रपिंड आणि फुप्फुसं निकामी होत जातील. तिथे लघवीची वेगळी तपासणी असते. लघवीत सोडियम डायथायोनाइट टाकलं आणि ती निळी झाली तर पॅराक्वाट आहे. शिवाय एकाच टाकीत दोन-तीन औषधं मिसळायची सवय आहे, आणि प्रोफेनोफॉस-सायपरमेथ्रिन तर एकाच बाटलीत मिसळून विकत मिळतं. 'औषध मारत होता' एवढं सांगून भागत नाही. बाटली किंवा तिचं लेबल, निदान मोबाइलवर काढलेला त्याचा फोटो, दवाखान्यात पोचला पाहिजे. लेबलवरचा लाल-पिवळा त्रिकोण जहाल किती ते सांगतो, पण गट कोणता ते नावावरूनच कळतं.

दोन्ही एन्झाइमं तपासता आली तर काळाचाही अंदाज लागतो. यकृत नवीन माल लवकर बनवतं, म्हणून सीरमचा आकडा साधारण चार ते सहा आठवड्यांत भरून येतो. तांबडी पेशी मात्र एकदा बनली की नवीन एन्झाइम बनवू शकत नाही. जुन्या पेशी जाऊन नव्या येतील तसाच आकडा वाढतो, दिवसाला साधारण एक टक्का. पेशीचं आयुष्य सुमारे १२० दिवस. त्यामुळे सीरमचा आकडा बरा आणि पेशींचा अजून खाली, असा जोड दिसला तर औषध काही आठवड्यांपूर्वी लागलेलं असावं. दोन्ही खाली असतील तर अलीकडेच. काही औषधं एकाच एन्झाइमला जास्त धरतात, क्लोरपायरिफॉस सीरमच्या एन्झाइमला आणि डायमेथोएट पेशींच्या, तेव्हा हा अंदाज औषधाचं नाव माहीत असेल तरच लावावा.

दवाखान्यातून सुट्टी मिळालेल्याचा पुढचा प्रश्न एकच असतो: वावरात कधी जाऊ? पीक थांबत नाही, फवारणी लांबवली तर बोंडअळी बसते. निंदण, डवरणी, बैलांचं काम डॉक्टरांनी सांगितल्यावर करता येईल. औषधाला हात लावायला घाई नको. महिन्याने त्याच लॅबमध्ये रक्त द्यावं. मूळ आकडा ११,००० असेल तर ८,८०० ओलांडेपर्यंत पंप दुसऱ्याने उचलावा. मूळ आकडा माहीतच नसेल, तर दर तीन-चार आठवड्यांनी तपासत राहायचं आणि आकडा चढायचा थांबला की तोच आपला मूळ आकडा समजायचा. तो तारीख आणि लॅबच्या नावासकट आधारकार्डाच्या पिशवीत ठेवावा, म्हणजे पुढच्या पावसाळ्यात शोधाशोध होणार नाही.